टाकीखालची हद्द

९ ऑक्टोबर

ताई,

तह झाला. तुला कळलं असेलच, तुमच्या बाजूच्या रेडिओवरही सांगितलं म्हणे. पण मला ते तुला स्वतः सांगायचंय, म्हणून अकरा वर्षांनी हा कागद पुढ्यात ओढलाय. काल दुपारी आम्ही सगळे मोजणी खात्यातले लोक नकाशांच्या कपाटाला पाठ लावून बातम्या ऐकत उभे होतो. सह्या झाल्या म्हटल्यावर आमचे साहेब उठले, खिडकी उघडली आणि पुन्हा बसले. कधी न हसणाऱ्या माणसाचा आनंद एवढाच. मी मात्र धाडधाड जिना उतरून रस्त्यावर आले आणि ओळखीचं कोणी दिसेना, म्हणून कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या बाईला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. तिने मला बसवून पाणी पाजलं.

आपलं गाव परत येतंय गं. कलम चार. नदीपलीकडचं शहर, पूल, स्टेशन, कापडगिरणी, सगळं आमच्याकडे. मागच्या टेकड्या तुमच्याकडे राहतील आणि हद्द 'टेकड्यांच्या पायथ्याने' जाईल. हे 'आमच्याकडे-तुमच्याकडे' लिहिताना हात अडखळतो, पण दुसरं कसं लिहू? मागच्या लढाईत तुमच्या सैन्याने गाव घेतलं, या लढाईत आमच्या सैन्याने. तू तिथेच राहिलीस, बाबा आणि मी पूल ओलांडून इकडे आलो.

खरी बातमी पुढेच आहे. दोन्ही देशांचे मोजणीदार मिळून हद्द आखणार आहेत, आणि त्यात मी आहे. साहेबांनी विचारलं, तिथली माहिती कोणाला आहे? मी हात वर केला. तिथे नात्यागोत्याचं कोणी आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले. घाईत निघून गेलं तोंडातून.

हे पत्र दोन्ही बाजूंच्या टपालथैलीतून येईल. उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. पुलावर मी तुला जे बोलले ते विसरले आहे असं समजू नकोस. पण आज नको. आज मला नुसतं नाचावंसं वाटतंय.

तुझी,
भिंगरी (तिशी उलटली तरी तशीच)


२७ ऑक्टोबर

ताई,

मी तुला पाहिलं.

आमचा मुक्काम आपल्या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आहे. बाकं तीच, फक्त घड्याळाच्या जागी भिंतीला भोक. तिथून चढ चढून टाकीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आम्हाला परवानगी आहे. त्यापुढे अजून तुमचं सैन्य, आणि हद्द पक्की होईपर्यंत रहिवाशांशी एक अक्षर बोलायचं नाही, असा दोन्हीकडचा कडक हुकूम. पत्रांबद्दल त्यात काही नाही. काम असेल तेवढं मोजायचं, सोबत शिपाई, आणि परत. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी यंत्र मांडलं आणि दुर्बीण फिरवत फिरवत पाण्याच्या टाकीशेजारच्या तुझ्या घरावर आणली. आमची दुर्बीण जुनी, तिच्यात सगळं उलटं दिसतं. तू डोक्यावर उभी राहून कपडे वाळत घालत होतीस. केस पांढरे झालेत तुझे, निदान पुढचे. भावजी दारात बसून कसलंसं चाक घासत होते. मी एवढा वेळ बघत बसले की पट्टी धरून उभा असलेला आमचा गडी ओरडला, बाई, हात दुखला.

आता नीट वाच, कारण तुझ्या घराचीच गोष्ट आहे. तहाला जोडलेल्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर कोणा मोठ्या माणसाने जाड पेन्सिलीने हद्दीची रेघ ओढली आहे, दोन मिलिमीटरची. कागदावर दोन मिलिमीटर, जमिनीवर दोनशे मीटर. टाकी, पंपघर, तुझं घर आणि गल्लीतली बावीस घरं, सगळी त्या पेन्सिलीच्या शिशाखाली झाकली गेली आहेत. म्हणजे तुम्ही इकडचे की तिकडचे, हे मोठ्या लोकांनी ठरवलेलंच नाही. ते आम्ही ठरवणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी ताडकन उठून बसले.

तुमच्या बाजूचे मुख्य मोजणीदार साठीच्या घरात आहेत. प्रत्येक आकड्यावर 'नक्की ना?' म्हणतात. मी मनात त्यांचं नाव शंकासुर ठेवलंय. माणूस सज्जन आहे, चहा आधी दुसऱ्याला देतो. पण ते पायथा खाली धरतात आणि मी वर. त्यांचं खरं ठरलं तर तू तिकडे. माझं खरं ठरलं तर तू घरी.

मी हरणार नाहीये, ताई.

भिंगरी


१४ नोव्हेंबर

ताई,

जिंकले. म्हणजे जवळजवळ जिंकले.

पायथा कुठे सुरू होतो यावर आठ दिवस घोळ चालला होता. शेवटी दोन्ही बाजूंनी एक नियम मान्य केला: दहा पावलांत एक पाऊल चढ जिथे सुरू होतो, तो पायथा. काम वाटून घेतलं. उत्तरेचं शंकासुरांनी मोजायचं, दक्षिणेचं मी, आणि एकमेकांच्या वह्या विश्वासाने घ्यायच्या. तुझं घर दक्षिणेत. गल्लीपासून टाकीच्या मागच्या खडकापर्यंत मी पाच ठिकाणी मापं घ्यायची होती. माझ्या वहीप्रमाणे चढ टाकीच्या मागे सुरू होतो, म्हणजे टाकी आणि तुझं घर आमच्याकडे. साहेबांनी वही बघितली आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली.

चौथ्या ठिकाणचं माप वहीत नाही. टाकीच्या भिंतीखाली जमीन भुसभुशीत होती, पाय घसरला, ते राहून गेलं. शंकासुरांनी विचारलंच, इथलं माप नाही? मी तेच सांगितलं. त्यांनी वही जवळ ओढली आणि मला वाटलं, आता म्हणतील 'नक्की ना?' पण ते म्हणाले नाहीत. तुमच्यासारख्या मुलीने मोजलंय म्हटल्यावर ठीकच असणार, म्हणाले, आणि सही केली. हा माणूस स्वतःच्या चपलांवरही संशय घेतो, आणि नेमका इथे विश्वास ठेवला. मला त्यानंतर जेवण गेलं नाही. आनंदाने असेल.

येत्या महिन्यात दोन्ही सरकारांची मंजुरी आली की खांब रोवायचे. ज्यांचं घर ज्या देशात जाईल तिथलं नागरिकत्व त्यांना आपोआप, नको असेल तर सहा महिन्यांत दुसरं निवडता येईल. तुला तर काही निवडायलाच नको. एका सकाळी उठशील तेव्हा घरी असशील.

मी तुझ्यासाठी खोली बघून ठेवणार होते, मग आठवलं, तुला घर आहे.

भिंगरी


३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी वेटिंग रूममधून बाहेर पळाले आणि रुळांच्या पलीकडे जाऊन उघडलं. पंचवीस वेळा वाचलंय. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी इथे उतरवतेय, कारण त्याशिवाय मला उत्तर सुचणार नाही.

'भिंगरी, तिन्ही पत्रं मिळाली. आम्ही दोघं धड आहोत. तुझ्या भावजींचे गुडघे दुखतात, चढउतार मी करते, पंपही मीच बघते. तू मला घरी आणायला निघाली आहेस. मी घरीच आहे. झऱ्याचं तोंड वर टेकडीत आहे, टाकी त्याच्या खाली, गाव टाकीच्या खाली. रेघ टाकीच्या मागून गेली तर झरा एका देशात आणि टाकी दुसऱ्या. पहिल्या भांडणात वरचा व्हॉल्व्ह बंद होईल आणि चाळीस हजार माणसं कोरडी बसतील. तुमचं सैन्य गावात शिरलं तेव्हा आमच्या लोकांनी पाणी तोडायचा हुकूम दिला होता. तुझ्या भावजींनी चावी हरवली म्हणून सांगितलं आणि ती पिठाच्या डब्यात ठेवली. तीन दिवस शिपाई घर उलटंपालटं करत होते. पुढच्या वेळी चावी आमच्याकडे नसेल. झरा आणि टाकी एका हातात राहू दे, म्हणजे पाणी तोडताना त्या हाताला लाज तरी वाटेल. मला कुठल्या देशात ठेवायचं ते तू ठरवू नकोस. चौथं माप राहिलं म्हणतेस. तू चौथीत असल्यापासून तुझं काहीही राहत नाही. शेवटचं एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. बाबा गेल्याचं उडत उडत कळलं. त्यांनी माझी आठवण काढली होती का? मी चार पत्रं लिहिली, चारही परत आली.'

उद्या लिहिते. आज मला जमत नाही.


४ डिसेंबर

ताई,

आधी बाबा.

तुझी चारही पत्रं मी परत पाठवली. पोस्टमन दारात यायचा आणि बाबा आतल्या खोलीत असायचे, त्यांना चालवत नव्हतं. मी पाकिटावर 'पत्ता सापडत नाही' लिहून त्याच्याच हातात परत द्यायची. तू मागे राहिलीस म्हणून पुलावर सगळ्यांदेखत तुला फितूर म्हटलं होतं ना, मग तुझी पत्रं घरात आली असती तर मी खोटी ठरले असते. एवढंच कारण होतं. दुसरं शोधून पाहिलं, नाही सापडलं.

बाबांनी आठवण काढली. रोज काढली. पोस्टमनची सायकल वाजली की विचारायचे, थोरलीचं काही आलं का? मी नाही म्हणायची. ते म्हणायचे, 'तिला वेळ होत नसेल. टाकीचं काम सोपं नाही.' एकदाही तुला दोष दिला नाही. गेले त्या आठवड्यातही हेच बोलले. तुझ्यावर ते रागावले नव्हते, ताई. त्यांना वाटत होतं तू कामात आहेस.

आता चौथं माप. ते मी घेतलं होतं. पाय घसरला नव्हता, जमीन खडकासारखी टणक होती. चढ तिथेच, टाकीच्या खालच्या भिंतीशी सुरू होतो. नियमाने टाकी आणि तुझं घर तुमच्या बाजूला जातं. मी आकडा बघितला आणि लिहिला नाही. मला वाटत होतं हे मी तुझ्यासाठी करतेय. काल तुझं पत्र वाचल्यावर कळलं, मी पुन्हा एकदा तुझ्या पाकिटावर लिहून ते परत पाठवत होते.

दुपारी साहेबांकडे जातेय. खरं सांगू? भीती वाटतेय, पण नुसती भीती नाहीये. आठ ऑक्टोबरला जिना उतरताना असंच वाटलं होतं.

भिंगरी


११ डिसेंबर

ताई,

नोकरी आहे. थोडक्यात वाचली.

साहेबांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, तू आणि चौथं माप. ते दहा मिनिटं टेबलावरचा नकाशा गुंडाळत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, तुम्ही देशाला टाकी मिळवून दिली होती, आता ती परत द्यायला सांगताय. मी म्हणाले, मिळवली नव्हती, चोरली होती. त्यांनी मला बाहेर बसवलं, आणि मग माझ्या देखत शंकासुरांना फोन लावला. त्यांना तो आकडा दाबून टाकता आला असता. नाही टाकला.

दुसऱ्या दिवशी दोघं स्वतः टाकीखाली गेले आणि चौथं माप पुन्हा घेतलं, शंकासुरांनी तीनदा. माझाच आकडा निघाला. शंकासुर आता माझ्याकडे बघणारही नाहीत असं वाटलं होतं. ते वेटिंग रूममध्ये आले आणि समोरच्या बाकावर बसले.

'मी सही करायला नको होती,' म्हणाले. 'माझीही चूक आहे. पण मोजणी पुन्हा करता येते. आपल्या धंद्यात तेवढी एक सोय आहे.'

आणि ऐक, यातून काय झालं. तुमच्या सरकारचं दडपण होतं की रेघ आणखी खाली घ्या, गल्लीच्या खालून, बावीस घरांसकट. शंकासुर कात्रीत सापडले होते. आता दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेलं माप कागदावर आहे, म्हणून त्यांना वर सांगता आलं, पायथा टाकीच्या भिंतीशी आहे, त्याखाली एक वीतही नाही. हद्द टाकी आणि गल्ली यांच्यामधून जाणार. झरा, टाकी, पंप, तुझं घर तिकडे. बावीस घरं इकडे. परवा ते गल्लीत सांगायला गेले तेव्हा शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, मला कागद दाखवा. दाखवला. वाचता येत नव्हतं तरी तिने तो पाच मिनिटं हातातून सोडला नाही.

मला हद्दीच्या कामावरून काढलं. ते व्हायचंच होतं. पण तहाला पाण्याचं एक परिशिष्ट जोडायचं ठरलं, आणि नळ कुठून कुठे जातात हे कोणालाच धड सांगता येईना. माझी पहिली नोकरी आठवते का? पाणीखात्यात नळांच्या नकाशांच्या नकला काढायची, जिला तू कंटाळवाणी म्हणायचीस. शंकासुरांनीच माझं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, कोपऱ्यात बसा, काढा, सही करू नका. चार दिवस मी कोपऱ्यात बसून काढतेय आणि हे सगळं कोणीतरी पहिल्यांदाच बघतंय असं वाटतंय. परिशिष्टात हे आलंय: टाकीचं पाणी गावाला हक्काने मिळेल, कोणत्याही कारणाने बंद करता येणार नाही. दुरुस्तीची माणसं दोन्ही बाजूंना परवानगीशिवाय जातील-येतील. आणि हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कोणालाही पास काढून दिवसा पलीकडे जाता येईल.

शेवटचं कलम मी सुचवलं नाही. ते शंकासुरांनी घातलं, आणि घालताना माझ्याकडे बघितलंही नाही.

तुझं उत्तर आलेलं नाही. त्या पत्रानंतर मी ते मागणार नाही.

भिंगरी


१ मार्च, संध्याकाळ

ताई,

आत्ताच गल्लीतून खाली आले. आज मी तुझ्या घरी होते, तरी हे लिहितेय, कारण तू वर होतीस आणि खाली काय झालं ते तुला दिसलं नाही.

पहाटेपासून नळ बंद होते. पंपघरात नवा व्हॉल्व्ह बसवायचा म्हणून चार तास पाणी बंद राहील, असं दोन दिवस आधी सांगितलं होतं, पण गल्लीचा ताबा बदलायच्या दिवशीच पाणी गेलं म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजलं. नऊ वाजता गल्लीत दोनशे माणसं जमली होती, रिकाम्या बादल्या घेऊन. कोणी म्हणालं, बघा, तह झाला आणि पहिल्याच दिवशी गळा आवळला. कोणीतरी नव्या खांबावर दगड मारला. आमचे शिपाई खाली, तुमचे वर, आणि मधे तो कालच रंगवलेला खांब. शंकासुर आणि साहेब दोघं खांबाला पाठ लावून उभे राहिले, लोकांना समजावत. मला साहेबांनी नुसता हात केला, वर जा.

पास तेव्हा बाराला सुरू व्हायचे होते. मी दुरुस्तीची माणूस म्हणून गेले. शिपायाने विचारलं, हत्यारं कुठे आहेत? मी हातातला नळांचा नकाशा दाखवला.

तू पंपघरात त्या मोठ्या चाकाशी झटत होतीस. नवं चाक, घट्ट बसलेलं, भावजी एका बाजूने रेटत होते आणि त्यांचा गुडघा साथ देत नव्हता. मी दारात उभी राहिले. अकरा वर्षं मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, 'बघत काय बसलीस? त्या बाजूने धर.'

मी धरलं. तू मोजत होतीस, एक, दोन, आणि तीनला दोघींनी जोर लावायचा. सातव्या वेळी ते हललं. मग जमिनीखालून तो आवाज आला. माझ्या तळपायांना आधी कळला, कानांना नंतर. भावजी भिंतीला टेकून खाली बसले आणि हसायला लागले.

तिथून पुढचं तुला माहीत नाही. मी खाली धावले. हद्दीच्या खांबाशी लोकांचा आवाज चढलेला होता आणि तेवढ्यात गल्लीतला पहिला नळ फसफसला, नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याने दगड मारला होता तो माणूस सगळ्यात आधी बादली घेऊन धावला. नळ एकामागून एक खाली सुरू होत गेले, तो आवाज गल्लीतून चौकात, चौकातून स्टेशनकडे जाताना ऐकू येत होता. शंकासुरांनी त्या म्हाताऱ्या बाईच्या नळाखाली ओंजळ धरली, तोंड धुतलं आणि साहेबांना विचारलं, 'नक्की ना?' आमचे साहेब हसले, ताई. मी साक्षीदार आहे.

दुपारी मी पुन्हा दुरुस्तीची माणूस म्हणूनच वर आले, तेव्हाचं तुला ठाऊक आहे. मी खिशात नागरिकत्वाचा कोरा फॉर्म घेऊन आले होते आणि तो बाहेर काढला नाही, तरी तू ओळखलंस. 'सहा महिने आहेत,' म्हणालीस. 'त्याआधी विचारायचं नाही.' विचारणार नाही. मग मी बाबांचं काढलं, तर तू पाठ फिरवून कपबशा विसळायला लागलीस.

'त्याबद्दल मी माफ केलं असं म्हणणार नाही,' म्हणालीस. 'आज तर नाहीच. उद्या ये.'

उतरताना मी पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द म्हणत होते. माझ्या पुढे चालणाऱ्या माणसाने दोनदा वळून बघितलं.

खाली पासाच्या टेबलापुढे रांग होती, पण मी उभी राहिले. कारकुनाने नाव, स्टेशनचा पत्ता लिहून घेतला आणि जाण्याचं कारण विचारलं. काम, शेती, औषधपाणी, यांतलं एक सांगा, म्हणाला, तेवढेच शिक्के आहेत. मी म्हणाले, यांतलं कुठलंच नाही. मग हाताने काय लिहू, बाई? मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पेन झटकलं, आणि त्या रकान्यात लिहिलं: बहीण.

सकाळी उजाडताच येतेय.

भिंगरी